कंपनी मागे आहे, म्हणून काय?

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि चांगले चालते-फिरते लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. एरवी लिनक्सकडे ढुंकूनही न पाहणारे लोक त्यामुळे हल्ली विचारू लागले आहेत, कुठली डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची कुठली तयार आवृत्ती, टाकू? विचारणारे वाढले की सल्लागारही वाढतात. त्यांचा एक सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की ऐकणारा पुढे काही विचारतच नाही. तो असा: ‘डिस्ट्रो निवडताना आधी मागे कंपनी आहे का ते बघा. चार हौशी पोरांनी फावल्या वेळात चालवलेल्या गोष्टींच्या नादी लागू नका. उद्या बंद पडली तर कुणाच्या दारात जाऊन बसणार?’

ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. बँक निवडताना, विमा घेताना आपण असाच विचार करतो. पण लिनक्सच्या गेल्या तीस वर्षांच्या इतिहासाला हा सल्ला लावून पाहिला की तो उघडा पडतो.

या सल्ल्यामागची भीती मात्र खोटी नाही. क्रंचबँग ही देखणी, हलकी डिस्ट्रो एका माणसाच्या जिवावर चालली होती. २०१५ मध्ये त्याने हात वर केले आणि ती संपली. अँटरगॉस चालवणाऱ्यांनी मे २०१९ मध्ये सरळ सांगून टाकले की आता वेळ देता येत नाही. व्हॉइडचा संस्थापक २०१८ मध्ये असा गायब झाला की गिटहबच्या किल्ल्याही त्याच्याबरोबरच गेल्या. बाकीच्यांना दारे-खिडक्या नव्याने बसवाव्या लागल्या. सोलसच्या जन्मदात्यानेही त्याच वर्षी काढता पाय घेतला आणि २०२३ मध्ये तर तिचे सर्व्हर कित्येक आठवडे बंद होते. (व्हॉइड आणि सोलस दोन्ही आज जिवंत आहेत, हे सल्लागार सांगत नाहीत.) तेव्हा एकट्या माणसावर उभी असलेली डिस्ट्रो कामाच्या यंत्रावर घालू नये, इथवर मी त्यांच्याबरोबर आहे. पण तिथून ‘म्हणून कंपनीची घ्या’ ही उडी ते मारतात, तिथे माझे भांडण सुरू होते.

कंपन्यांची वही उघडून पाहू. २००० च्या आसपास घरगुती लिनक्स म्हटले की मँड्रेकचे नाव आधी यायचे. फ्रान्सची कंपनी, १९९८ चा जन्म, केडीईचा सुबक डेस्कटॉप. २००३ मध्ये तिने दिवाळखोरीतून संरक्षण मागितले, २००५ मध्ये ब्राझीलची कोनेक्टिव्हा घेऊन मँड्रिव्हा हे नाव लावले, पुढच्या वर्षी स्वतःच्या संस्थापकालाच नोकरीवरून काढले आणि २०१५ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला. कोरेलने १९९९ मध्ये लिनक्स आणली आणि दोन वर्षांत झँड्रॉसला विकून मोकळी झाली. झँड्रॉसने पुढे लिनस्पायर गिळली आणि मग दोघीही विस्मरणात गेल्या. काल्डेराची गोष्ट तर अजबच. लिनक्स विकणारी ही कंपनी एससीओ झाली आणि २००३ मध्ये लिनक्सच्याच नावाने आयबीएमला कोर्टात खेचून आली. कुंपणच शेत खायला निघाले ते असे.

‘त्या लहान कंपन्या होत्या’ असे उत्तर येईल. ठीक, मग सर्वांत मोठी घेऊ. रेड हॅटने आपली घरगुती ‘रेड हॅट लिनक्स’ नवव्या आवृत्तीवर थांबवली. मार्च २००३ मध्ये ती आवृत्ती निघाली आणि एप्रिल २००४ मध्ये तिचा आधार संपला. पैसे असतील तर एंटरप्राइझ घ्या, नसतील तर फुकटच्या फेडोरावर जा, असा निरोप मिळाला. त्याच सुमारास कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मॅथ्यू झुलिक यांनी घरी वापरायला विंडोजच बरी पडेल, असे मतही देऊन टाकले होते. लिनक्सच्या सर्वांत मोठ्या कंपनीचा प्रमुखच असे म्हणत होता.

सेंटओएसचे प्रकरण याहून बोलके आहे. एंटरप्राइझची ही फुकट प्रतिकृती २००४ पासून स्वयंसेवक चालवत होते. जानेवारी २०१४ मध्ये रेड हॅटने तिला पंखाखाली घेतले, तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले की चला, आता मागे कंपनी आली. सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ आली, २०२९ पर्यंतच्या भरवशावर. संस्थांनी, प्रयोगशाळांनी, होस्टिंगवाल्यांनी त्या तारखेवर आपले नियोजन बेतले. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ती ३१ डिसेंबर २०२१ ला संपणार. गंमत अशी की तिची थोरली बहीण, सेंटओएस ७, ठरल्याप्रमाणे जून २०२४ पर्यंत जगली आणि धाकटी अडीच वर्षे आधी गेली. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची सायंटिफिक लिनक्स ही आणखी एक डिस्ट्रो. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी ठरवले की वेगळी आठवी आवृत्ती काढायची नाही, सगळे सेंटओएस ८ वर जाऊ. भौतिकशास्त्रज्ञांचासुद्धा हिशेब इथे चुकला.

जुलै २०२५ मध्ये इंटेलने क्लिअर लिनक्स बंद केली. पूर्वसूचना नाही, मुदत नाही. आजपासून सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार नाहीत, दुसरीकडे जा, एवढाच निरोप. क्रंचबँगच्या त्या एकट्या माणसाने निरोप घेतला आणि इंटेलने घेतला, या दोहोंत वापरणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक उरला?

असे का होते, तेही पाहिले पाहिजे, नाहीतर हा नुसता उखाळ्या-पाखाळ्यांचा खेळ होईल. रेड हॅट, सुसे आणि उबंटूमागची कॅनॉनिकल या तिघींची रोजीरोटी सर्व्हर आणि क्लाउडवर आहे. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारा माणूस त्यांना जवळपास काहीच देत नाही. आपण फुकट उतरवतो, फुकट अपडेट घेतो आणि काही बिघडले की तक्रार करतो. कंपनीने कात्री घेतली की ती आधी आपल्यावरच चालणार, यात दुष्टपणा नाही, हिशेब आहे. २०२३ मध्ये रेड हॅटने लिबरऑफिसची पॅकेजे यापुढे आपण सांभाळणार नाही असे कळवले. आता आपल्याकडच्या एखाद्या पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या दृष्टीने लिबरऑफिस म्हणजे निम्मा संगणक. फेडोरामध्ये ती पॅकेजे वाचली, कारण स्वयंसेवकांनी उचलली. ज्या ‘हौशी पोरांच्या’ नावाने सल्लागार नाक मुरडतात, त्यांनीच.

उबंटूबद्दल मी जपून बोलेन, कारण तिचे उपकार आहेत. २० ऑक्टोबर २००४ ला पहिली आवृत्ती आली आणि पुढे कित्येक वर्षे तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांच्या पैशाने छापलेल्या सीड्या टपालाने भारतातल्या गावोगावी फुकट येत होत्या. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांची लिनक्सशी ओळख त्या सीडीने झाली. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांचे वचनही कॅनॉनिकलने पाळले आहे. पण डेस्कटॉपची दिशा? नवा डेस्कटॉप म्हणून युनिटी आणली, लोकांनी शिव्या देत देत अंगवळणी पाडून घेतली, आणि एप्रिल २०१७ मध्ये शटलवर्थ यांनी युनिटी, उबंटूचा फोन आणि दोघांचे मीलन हे सारे स्वप्न एका घोषणेत गुंडाळले. फोनची ती प्रणाली आज कोण चालवते? यूबीपोर्ट्स हा स्वयंसेवकांचा समूह. कंपनीने टाकलेले मूल गावाने वाढवले.

आणि आता स्नॅप, कॅनॉनिकलची स्वतःची पॅकेज-पद्धत. उबंटू २२.०४ वर नेहमीच्या आज्ञेने फायरफॉक्स मागा. हाती येते ते डेब पॅकेज नसते, नुसती एक चिठ्ठी असते आणि ती मागच्या दाराने स्नॅप उतरवते. स्नॅपचे दुकान एकच, कॅनॉनिकलचे, आणि त्या दुकानाच्या सर्व्हरचा कोड बंद आहे. टर्मिनलमध्ये अपडेट करताना हल्ली आणखी एक ओळ दिसते: इतक्या इतक्या सुरक्षा-दुरुस्त्या तयार आहेत, उबंटू प्रो जोडा म्हणजे देतो. घरगुती वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत प्रो फुकट आहे, तेव्हा हा काही दरोडा नाही. पण ज्या दुरुस्त्यांसाठी आधी नाव नोंदवावे लागते, त्यांची किल्ली कुणाच्या हाती आहे हे ती ओळ रोज सांगते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? माझे म्हणणे एवढेच आहे की ‘मागे कोण आहे’ हे विचारून काही कळत नाही. विचारायचे ते असे: जो मागे आहे तो उद्या उठून गेला तर काम पुढे चालवण्याची सोय आजच करून ठेवली आहे का? बिल्डर कितीही मोठा असू दे, सोसायटी नोंदवली नसेल आणि कन्व्हेयन्स झाला नसेल तर फ्लॅटधारकाला रात्री झोप लागत नाही, हे पुण्या-मुंबईत कुणाला समजावून सांगायला नको.

डेबियनकडे या नजरेने पाहावे. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने ती सुरू केली. १९९६ मध्ये तो नेतृत्वावरून बाजूला झाला. त्याच्या जाण्याने प्रकल्प कोसळला नाही, उलट पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्याला हाडे आली: १९९७ मध्ये सामाजिक करार, १९९८ च्या डिसेंबरात लिखित घटना. दरवर्षी नेता निवडला जातो. नेत्याला हटवायचे कसे, त्याचा निर्णय मतदानाने फिरवायचा कसा, तांत्रिक वाद कुणापुढे न्यायचा, हे सारे कागदावर आहे. मते कॉन्डॉर्से पद्धतीने मोजतात, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावून पाहायची. आपल्या साहित्य संस्थांनी याचा अभ्यास करायला हरकत नाही! २०१५ च्या डिसेंबरात मर्डॉक वारला. हळहळ सगळ्यांनाच झाली. पॅकेजे मात्र दुसऱ्या दिवशीही वेळेवर येत होती.

भांडणे तिथे होत नाहीत असे नाही. २०१४ मध्ये सिस्टमडी या संगणक सुरू करणाऱ्या प्रणालीवरून जे महाभारत झाले त्यात तांत्रिक समितीतल्या जुन्या-जाणत्यांनी राजीनामे दिले, आणि एक गट फुटून देवुआन घेऊन निघाला. विरोधक याला अस्थिरतेचा पुरावा म्हणतात. मला त्यात उलट दिसते. वाद उघड्यावर झाला, मतदान झाले, हरलेल्यांना स्वतःचा कोड घेऊन वेगळी चूल मांडता आली आणि एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ बाहेर पडली. सेंटओएस ८ चा निर्णय झाला तेव्हा तो कुणाला फिरवता आला? २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी असेच मतदान घेऊन बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घालायला परवानगी दिली. तत्त्वाला मुरड पडली खरी, पण बारावी आवृत्ती टाकली तेव्हा नव्या लॅपटॉपचे वायफाय पहिल्या झटक्यात चालू होऊ लागले.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. ‘कर्नल, नोम, वेलँड, पाइपवायर या लिनक्सच्या पायाभूत भागांवरची बरीचशी मेहनत पगारी माणसांची आहे. रेड हॅट उद्या नसेल तर तुमची डेबियन काय खाणार?’ मुद्दा अगदी खरा. आपल्या भाषेपुरतेही तो खरा आहे. रेड हॅटने खुले केलेले लोहित फॉन्ट आणि त्यांची पुढची जोपासना यांत तिच्या पुण्यातल्या कार्यालयाचा मोठा वाटा आहे. देवनागरीची अक्षरे लिनक्सच्या पडद्यावर धड दिसू लागली त्यात या पगारी लोकांचे श्रम आहेत. पण ते श्रम साठले कुठे? सर्वांच्या सामाईक भांडारात. लोहित डेबियनमध्ये आहे, फेडोरात आहे, मिंटमध्ये आहे. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह र ची कळ दाबली की ऱ, मग हलंत, मग य आणि काना, झाला ‘वाऱ्या’तला ‘ऱ्या’. या चार कळा कुठल्याही डिस्ट्रोत त्याच आणि त्यांच्यामागचा, अक्षरे उमटवणारा आयबसही तोच. कंपनीचे काम हवे म्हणून कंपनीची डिस्ट्रो घेतली पाहिजे, हे कुठून आले? तिचे काम आपल्याला दोन्हीकडे मिळते. लहर मात्र तिची डिस्ट्रो घेतली तरच सोसावी लागते.

कंपनी नको तर सरकार घ्या, असा एक पोटभेदही या सल्ल्याला आहे. सी-डॅकची बॉस २००७ मध्ये आली, मुळात डेबियन. संरक्षण मंत्रालयाची माया २०२३ मध्ये गाजली, मुळात उबंटू, म्हणजे पुन्हा डेबियनच. स्वदेशीचा शिक्का मारायला माझी हरकत नाही, फक्त खालचे जोते कुणाचे आहे ते ठाऊक असू द्यावे. सरकारी पाठबळाने खरोखर टिकले ते केरळात. तिथल्या शाळांमध्ये दीड दशकाहून अधिक काळ मुक्त सॉफ्टवेअर शिकवले जाते आहे, मंत्रिमंडळे बदलली तरी. तिथेही डिस्ट्रो उबंटूवरच बेतलेली आहे. पण टिकले ते डिस्ट्रोमुळे नव्हे. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्यावर लिहिली, परीक्षा त्यावर घेतली, म्हणून. उद्या खालची डिस्ट्रो बदलली तरी तिथल्या मास्तरांचे फारसे अडणार नाही.

‘पण डेबियनमधले सॉफ्टवेअर शिळे असते.’ असते. बाजारात कालच आलेले ग्राफिक्स कार्ड घेतले असेल तर डेबियन स्टेबल तुम्हाला रडवेल, तिथे फेडोराच बरी. मात्र तिची प्रत्येक आवृत्ती जेमतेम तेरा महिने जगते हे लक्षात ठेवून. बाकीच्यांना ताजे ॲप हवे असेल तर फ्लॅटपॅक आहे. आणि शिळेपणाचे मोल २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या जगाला कळले. एक्सझेड ही कॉम्प्रेशनची छोटीशी लायब्ररी, सांभाळणारा एकच दमलेला माणूस. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षे मदतीच्या मिषाने त्याचा विश्वास कमावला आणि ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन करताना अर्धा सेकंद उशीर लागतो असे जाणवले, त्याने खोदून पाहिले आणि भांडे फुटले. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोराच्या पूर्वावृत्तीत, सुसेच्या टंबलवीडमध्ये पोचली होती. डेबियन स्टेबलमध्ये पोचली नव्हती, कारण तिथे सगळे उशिराच पोचते.

याच प्रकरणातून मला डेबियनबद्दलही काळजी वाटते, ती लपवत नाही. तिची घटना शाबूत आहे, पण हजारो पॅकेजांपैकी कितीतरी एकेका माणसाच्या खांद्यावर आहेत, आणि ते खांदे आता पन्नाशीकडे झुकले आहेत. कागदावरची सोय पुरत नाही, माणसेही लागतात. म्हणूनच २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद, डेबकॉन्फ, कोचीला भरली तेव्हा नवी माणसे येतील या आशेने मला बरे वाटले.

व्यवहाराचे बोलायचे तर नवख्याने मिंट घ्यावी. शक्यतो तिची डेबियनवर बेतलेली आवृत्ती, एलएमडीई. ती मिंटवाल्यांनी का काढली हे त्यांनीच लिहून ठेवले आहे: उद्या उबंटू नाहीशी झाली तर आपली गाडी अडू नये. उबंटूवर सर्वाधिक अवलंबून असलेली मंडळी मागे कंपनी असूनही पर्याय तयार ठेवतात, यातून आपल्या सल्लागारांनी काही घ्यायला हवे. थोडे धाडस असेल तर सरळ डेबियन. तिच्यात आवृत्ती बदलायची म्हणजे बॅकअप घ्यायचा, स्रोतांच्या फाइलमध्ये जुन्या आवृत्तीच्या ‘बुकवर्म’ या नावाच्या जागी नव्या आवृत्तीचे ‘ट्रिक्सी’ लिहायचे, दोन आज्ञा द्यायच्या आणि चहा टाकायचा. आर्च ज्याला हौस आहे त्याने खुशाल वापरावी, पण आईच्या संगणकावर घालू नये.

डीटीपीवाल्यांना मात्र मी यातले काहीच सांगत नाही. पेजमेकर आणि युनिकोडपूर्व फॉन्टवर ज्यांचा धंदा उभा आहे, त्यांची कुठल्याही डिस्ट्रोने सोय होणार नाही. त्यांची वीस-पंचवीस वर्षांची मराठी पुस्तके अशा फायलींत पडून आहेत की तो एक फॉन्ट नसेल तर पडद्यावर निव्वळ खिचडी दिसते. तिथेही मागे कंपनी होतीच. डिस्ट्रो बदलायला एक दुपार लागते. असा मजकूर युनिकोडमध्ये आणायला वर्षे लागतात, म्हणून दीर्घ मुदतीची चिंता करायचीच असेल तर त्यांनी आधी ती करावी.

राहता राहिला शेवटचा टोमणा: ‘आणि तुमची डेबियनच बंद पडली तर?’ तर उबंटू बंद पडेल, मिंट बंद पडेल, रास्पबेरी पायची प्रणाली, बॉस, माया सगळ्या अडचणीत येतील, कारण या सगळ्या तिच्याच पॅकेजांवर उभ्या आहेत. कॅनॉनिकलची पगारी माणसे त्या दिवशी सर्वांत आधी धावत येऊन तीच पॅकेजे उचलू लागतील. पर्याय त्यांनाही नसेल. तूर्त ट्रिक्सीला २०२८ पर्यंत नियमित आणि २०३० पर्यंत वाढीव दुरुस्त्या मिळणार आहेत. ज्या कंपनीच्या भरवशावर सल्लागार लॅपटॉप सोपवायला सांगतात, तिची मालकी २०३० मध्ये कुणाकडे असेल हे त्यांनी सांगावे. सुसे २००३ पासून आजवर नोव्हेल, अटॅचमेट, मायक्रो फोकस आणि ईक्यूटी अशा चार मालकांच्या हातून गेली आहे.